करंगळीजवळचे बटण

सकाळचा उजेड या खोलीत एकदम येत नाही. आधी खिडकीच्या काचेवर एक फिकट, दुधी ओलसरपणा उमटतो. तो उजेड आहे की रात्रीचा उरलेला धूसरपणा, हे काही वेळ ठरवता येत नाही. मग समोरच्या इमारतीवरच्या पाण्याच्या टाकीची कड उजळते आणि तिथून परतलेला उजेड, परक्या घरी आलेल्या पाहुण्यासारखा, अंग चोरून आत शिरतो. खुर्चीवर टाकलेल्या सदऱ्याच्या बाहीवर तो थोडा रेंगाळतो. बाहीवरून जमिनीवर उतरतो, चपलांचा एक जोड ओलांडतो आणि फरशीच्या सांध्यांवरून सरकत भिंतीपर्यंत येतो. भिंत चढायला त्याला फार वेळ लागतो. आधी माझे धड, मग चार जाड तारा, मग लांब मान आणि सर्वांत शेवटी खुंट्या. खुंट्यांपर्यंत पोचताना तो पिवळा झालेला असतो आणि शेजारच्या मोरीतली बादली भरून वाहू लागलेली असते. या उजेडाला कुणाचाही राग नसतो. काल ज्या हाताने त्याच्या तोंडावर पडदा ओढला, त्याच हातावर तो आज तितक्याच मायेने पडतो.

मला ते कधी जमले नाही.

मित्रांनो, मी एक जुनी बास गिटार आहे. माझा आवाज खालचा, घुमणारा. गाणे ऐकताना तुमचे लक्ष माझ्याकडे जात नाही. पण मी थांबले, तर गाणाऱ्याच्या पायाखालची जमीन सरकते. दुकानात रांगेने टांगलेल्या गिटारींपैकी मी नव्हे. मला एका माणसाने दुसऱ्या एका माणसासाठी हाताने घडवले. घडवणारा थोरला भाऊ, वाजवणारा त्याचा धाकटा. थोरल्याला सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणते. वाजवणाऱ्याला मी मनातल्या मनात जी विशेषणे लावली, ती तुमच्यासमोर उच्चारण्याजोगी नाहीत. त्याला आपण धाकटाच म्हणू.

दादांची कार्यशाळा म्हणजे घरामागची एक लांबट खोली. एका टोकाला त्यांचे बाक, पटाशी आणि रंधे. दुसऱ्या टोकाला वहिनींचे शिलाई यंत्र. दादा वाद्ये घडवत आणि वहिनी त्यांच्या गवसण्या शिवत. मी अक्रोडाच्या एका फळीतून निघाले. दादांनी मला अकरा आठवडे तासले, घासले, पुन्हा घासले. घासताना ते मधूनच तळहात फिरवून बघत, आणि त्या तळहाताला जे खरखरीत लागे, ते दुसऱ्या दिवशी उरत नसे. कुणी माझ्याकडे इतक्या निगुतीने पाहिले आहे, असे त्यानंतर माझ्या आयुष्यात घडले नाही. म्हणून तर दादांवर आलेला शब्द मला माझ्यावर आल्यासारखा लागला.

तो शब्द ज्या बटणामुळे आला, त्याची हकीकत आता सांगते.

माझी मान बसली, तारा चढल्या, पण धड अजून कोरे होते. त्यावर तीन बटणे यायची होती: एक आवाज लहानमोठा करण्याचे, दुसरे खर्ज वाढवण्याचे आणि तिसरे स्वराला धार देण्याचे. शिवाय कडेला वायर खोचण्याची जागा. दादांची पद्धत अशी, की भोके पाडण्याआधी बाटल्यांची झाकणे घ्यायची, चिकटपट्टीने लाकडावर डकवायची आणि वाजवणाऱ्याला समोर बसवून ती सरकवत राहायचे. हात जिथे आपसूक जाईल, तिथे पेन्सिलीने गोल काढायचा. धाकटा एका सकाळी त्यासाठी आला. स्टुलावर बसला, मला मांडीवर घेतले आणि वाजवू लागला.

"आवाजाचं बटण वर घे, दादा. अजून वर. करंगळीशी आलं पाहिजे."

"तारांच्या फार जवळ येतंय."

"येऊ दे ना. वाजवता वाजवता करंगळीनं आवाज हळूहळू उचलता आला पाहिजे. त्यातच तर मजा आहे."

"मजा तुझी, आणि उद्या कुठं अडकलं की नाव माझं."

"तुझं नाव मोठंच होणार आहे. तू वर घे."

वहिनींनी यंत्राचे चाक हाताने थांबवले. "दोन तास झाले, दोघं तीन झाकणं सरकवताय. या घराच्या खिडक्या कुठं काढायच्या, हे आपण पाच मिनिटांत ठरवलं होतं."

"म्हणून तर स्वयंपाकघरात अंधार आहे," दादा म्हणाले.

"आणि ती झाकणं कुठल्या बाटल्यांची, हे मी विचारत नाहीये. दोघांनी लक्षात ठेवा."

"सरबताची गं, वहिनी!" धाकटा म्हणाला, आणि तिघेही हसले. हसता हसताच दादांनी झाकण दोन बोटे वर सरकवले, गोल काढला आणि दुपारी त्या गोलात ड्रिल फिरले. मित्रांनो, ते मला दुखले नाही. दादांचा हात होता.

पहिले वर्ष कौतुकाचे गेले. धाकटा ज्या बँडमध्ये वाजवी, तिथले लोक मला हातात घेऊन उलटसुलट करून बघत. "कुणी केली?" असे कुणी विचारले, की धाकटा ऐटीत सांगे, "आमच्या दादानं." दादांकडे कामे येऊ लागली. वहिनींनी गवसणीसाठी जाड कापडाचा अख्खा तागा आणला. मीही तेव्हा भोळी होते. धाकट्यावर माझा जीव होता.

मग ती मोठ्या सभागृहातली मैफल आली. सगळी तिकिटे संपली होती. तिसऱ्या रांगेत दादा आणि वहिनी बसले होते. दादांनी इस्त्रीचा सदरा घातला होता आणि त्याच्या कॉलरशी ते सारखे चाळा करत होते. एका संथ गाण्यात बाकीची सगळी वाद्ये थांबत, आणि गायिकेच्या आवाजाखाली एकटी मी उरत असे. धाकटा पट्टा गळ्यात अडकवून उभा होता. त्याने हात किंचित खाली आणला, मनगट आवाजाच्या बटणाला घासले, बटण फिरले आणि मी मुकी झाले. गायिका एक ओळ तशीच अधांतरी गात राहिली, मग थांबली. सभागृहात कुणीतरी खोकले. कुणीतरी हसले.

धाकट्याचे कान लाल झाले. त्याने माइक ओढला आणि म्हणाला, "माफ करा हं. आमच्या दादानं बटण भलत्याच जागी बसवलंय. दादा, तिसऱ्या रांगेत लपू नकोस!"

सगळे सभागृह हसले. माना वळल्या. दादाही हसले, पण त्यांचे हात कॉलरवरून खाली आले आणि मांडीवर नुसते पडून राहिले. वहिनी हसल्या नाहीत.

पुढे ते वाक्य गावभर फिरले. कार्यशाळेत येणारे लोक गंमत म्हणून विचारू लागले, "बटण नीट जागी बसेल ना, दादा?" काही जण विचारायलाही येईनासे झाले. कापडाचा तागा निम्मा तसाच भिंतीला टेकून राहिला. धाकटा त्या घरी गेला नाही. थोरल्यानेही त्याला बोलावले नाही. एका गावात, वीस मिनिटांच्या अंतरावर राहणारे दोन भाऊ दोन वर्षे एकमेकांशी बोलले नाहीत.

मी मात्र त्या मैफलीतच ठरवले होते: याला सोडायचे नाही.

वाद्याला हात नसतात, असे तुम्ही म्हणाल. खरे आहे. पण ज्याला दुसऱ्याच्या हातात राहावे लागते, त्याला त्या हाताच्या सगळ्या खोडी ठाऊक असतात. मी बटणांच्या पोटात धूळ साठू दिली, आणि धाकट्याने बटण फिरवले, की खरखरू लागले. तो ज्या दिवशी निवांत असे, त्या दिवशी मी गोड वाजे. ज्या दिवशी त्याला कुणाला खूश करायचे असे, त्या दिवशी माझी एखादी तार नेमकी अर्ध्या स्वराने उतरे. आपली गिटार आपल्याला ओळखेनाशी झाली, असे तो एकदा आरशात बघत पुटपुटला. मी ओळखतच होते. फार नीट ओळखत होते.

माझा खरा डाव वेगळाच होता. वायर खोचण्याच्या जागेवरचा नट मी थोडा थोडा सैल होऊ दिला. धाकटा तो बोटांनीच आवळी. तो बाहेरून आवळी, आणि आत नटाबरोबर सगळी जोडणी गरगर फिरे. आतली बारीक तार पीळ खाई. प्रत्येक पीळ मी मोजला. मी वाट बघत होते.

वाट फळली. गावोगाव कार्यक्रम करणाऱ्या एका मोठ्या मंडळीला बास वाजवणारा हवा होता. वर्षभराचे काम, नाव, प्रवास. धाकट्याला हेच तर पाहिजे होते. निवडीच्या दिवशी तो पहाटेच उठला, त्याने माझ्या तारा पुसल्या आणि मला हळू आवाजात म्हणाला, "आज तेवढी साथ दे."

मी साथ दिली. पहिली चार आवर्तने अशी वाजले, की निवड करणाऱ्या बाईंनी हातातला पेन खाली ठेवला. तो जितका उंच चढेल, तितका खोल पडेल, एवढाच माझा हिशेब. पाचव्या आवर्तनाला त्याने पाऊल मागे घेतले, वायर ताणली गेली आणि आतली तार तुटली. स्पीकरमधून एक भयंकर खर्र आवाज आला आणि मग काहीच नाही.

"भाऊ, गिटार आणलीय की रेडिओ?" आवाजाचे यंत्र सांभाळणारा माणूस म्हणाला.

धाकट्याने वायर काढली, खोचली, परत काढली. बाई म्हणाल्या, "हात चांगला आहे तुमचा. पण वाद्य असं असेल, तर आम्ही कसं नेणार? सोमवारी आम्ही निर्णय घेतोय. त्याआधी नीट करून आणलंत, तर बघू."

मित्रांनो, मला आनंद झाला. खोटे कशाला सांगू? दादांचे मांडीवर पडलेले ते दोन हात माझ्या डोळ्यांसमोर होते, आणि मी मनात म्हटले, फिटले.

आता हा जिन्यात बसेल आणि दादांना शिव्या देईल, अशी माझी खात्री होती. तो जिन्यात बसला खरा; पण त्याने शिव्या दिल्या नाहीत. मला मांडीवर आडवी घेऊन त्याने नीट गवसणीत घातले. मग उठला आणि वीस मिनिटे चालत गेला.

दार वहिनींनी उघडले. त्यांनी त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले. "वाळलास रे. की दारच लहान झालंय आमचं?"

"दादा आहे?"

"दोन वर्षांत गेला नाही कुठं. तूच गेला होतास."

दादांनी काही न विचारता मला बाकावर घेतले. पाठीचे झाकण काढले, आतली तुटकी तार चिमट्याने उचलली आणि उजेडाकडे धरली. "नट सैल होता. फिरून फिरून तुटली. कुणाचाच दोष नाही यात." मी गप्प राहिले. बोलता आले असते, तरी गप्पच राहिले असते.

"दादा," धाकटा म्हणाला, "माइकवर मी जे बोललो ते... लोक हसत होते, मला काही सुचेना. मी तुझ्यावर ढकललं. बटण मीच वर घ्यायला लावलं होतं."

पाहा, म्हणजे त्याने कबूल केले. जे मी दोन वर्षे म्हणत होते, तेच. मला वाटले, आता दादा मान ताठ करतील, सुनावतील, निदान एक उसासा टाकतील. दादांनी नुसती मान हलवली आणि सोल्डरिंगची कांडी तापत ठेवली. तुटलेली तार जोडली. मग कुणी न सांगता त्यांनी आवाजाचे बटण काढले, अक्रोडाचा एक गोल तुकडा तासून त्या भोकात ठोकला, गोंद वाळू दिला आणि वरून हात फिरवला. वहिनींचे यंत्र बंद होते. त्या नुसत्या बघत होत्या.

"नवी जागा ठरवू," दादा म्हणाले.

धाकटा सवयीने स्टुलाकडे वळला.

"बसू नकोस," दादा म्हणाले. "उभा राहा. पट्टा घाल गळ्यात."

धाकटा उभा राहिला. उभ्या माणसाच्या गळ्यात मी चार बोटे खाली लटकते, थोडी तिरकी होते, आणि मनगट भलतीकडेच येते. दादांनी ते पाहिले. पेन्सिल हातात धरून ते बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांनी बराच खाली एक झाकण डकवले, त्याभोवती गोल काढला आणि म्हणाले, "वाजव." धाकट्याने वाजवले. मनगट कुठे लागले नाही, आणि त्या गोलात ड्रिल फिरले.

सोमवारी बाईंनी त्याला घेतले. मी त्याच्याबरोबर पुष्कळ गावे पाहिली आणि पुन्हा कधी बिघडले नाही.

मित्रांनो, वाद्याचे नट वेळच्या वेळी पान्याने आवळा, तारा पुसून ठेवा, आणि ज्याने वाद्य घडवले त्याचे नाव चार लोकांत जपून घ्या. एवढे सांगून मी थांबणार होते. पण कुणाच्या बाजूने सूड घेताना माणसे हकीकतीचा एक तुकडा वगळतात, तसा मीही वगळला. तुम्हाला सांगतानाही वगळला.

झाकणे सरकवण्याच्या त्या सकाळी धाकटा मला घेऊन स्टुलावरून अर्धा उठला होता. "दादा, एकदा उभा राहून बघू का?" असे त्याने विचारले होते. दादांनी मान वर न करता म्हटले होते, "काही गरज नाही. बस."