मापापेक्षा लांब

"इथं पाइपच नाही, ताई," प्लंबर खड्ड्यातून म्हणाला.

अंगणभर ओल होती, टाकी भरत नव्हती, आणि त्यानं फाटक ते पायरी या सरळ रेषेत मधोमध गुडघाभर खणलं होतं. नुसता चिखल.

"जुना कुठं शोधत बसणार? नवीनच टाकू. पण स्वयंपाकघराची फरशी फोडावी लागेल. काकूंना महिनाभर कुठंतरी हलवा."

"चल माझ्याकडे," मी आईला म्हटलं. बाबा गेल्यापासून मी तेच म्हणत होते. एकदा कुलूप लागलं की महिन्याचं वर्ष होईल आणि मग हे घर पुन्हा उघडणार नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं.

आई पायरीवर बसून खड्ड्याकडे बघत होती. "सरळ रेषेत काय शोधतोस? तो पाइप शिंप्यानं टाकलाय."

"म्हणजे?"

"म्हणजे माप घेतलं आणि वर माया सोडली. डावीकडे खण."

बाबांचं दुकान एका मशीनपुरतं होतं. कुणाचंही काही शिवताना ते आतून कापड राखून ठेवत. माझ्या फ्रॉकांच्या खालच्या कडेला दुमडींच्या फिकट रेषा असायच्या. दर वर्षी एक दुमड उसवली जायची. पाइप टाकायला माणूस मिळेना, तेव्हा त्यांनी गळ्यातल्या टेपनंच अंगण मोजलं आणि मापापेक्षा लांब पाइप घेऊन आले.

"मी तेव्हाच म्हटलं होतं," आई म्हणाली, "अहो, पाइप काय वाढत्या अंगाचा आहे? तर म्हणे, असू दे गं. कापला की कापला, मग कुठून आणायचा?"

प्लंबर हसत हसत खणत होता. थोड्या वेळानं त्याचं हसू थांबलं. पाइप सापडला होता. अंगणाच्या मधोमध डावीकडे वळून चांगला ऐसपैस बाक घेऊन पडला होता. माती काढत तो पायरीपाशी आला. चीर तिथंच होती, बारीक, केसाएवढी.

त्यानं पाणी बंद करून चिरलेला तुकडा करवतीनं कापून काढला. पायरीखालून आलेलं टोक जेमतेम चार बोटं उरलं. ते जागचं हलेना.

"आता दुसरं टोक इथवर आलं पाहिजे. या ताई, नुसत्या बघताय काय!"

मी चप्पल काढून चिखलात उतरले. तो पाइप यायला नको होता मला, आणि मी सगळा जोर लावून ओढत होते.

बाकाखालची माती सुटली. पाइप सरकला, आणखी सरकला, आणि टोकाला टोक आलं. त्यानं दोन्हीकडे सोल्युशन लावून जोड बसवला आणि दोन्ही हातांनी दाबून धरला.

"सुटलात काकू. पण आता यात जादा काही उरलं नाही हं. परत फुटला तर..."

"फुटला तर तुला बोलवीन. आणि तेव्हा मला विचारून खण."

चहा होईपर्यंत जोड वाळला. त्यानं पाणी सोडलं. आई खाली वाकली, हाताची पालथी बाजू जोडाला लावून तशीच थांबली. ताप बघावा तशी.

"कोरडा आहे," ती म्हणाली. मग माझ्याकडे न बघता, "तू नीघ उद्या. तुझी कामं खोळंबली असतील."

"हो," मी म्हटलं.

प्लंबरनं फावड्यानं माती लोटायला सुरुवात केली. पाइप आता ताणलेल्या दोरीसारखा सरळ होता. शेजारी ओल्या मातीत त्याच्या जुन्या बाकाची खोबण तेवढी राहिली होती, गुळगुळीत आणि रिकामी.

"थांब," आई म्हणाली. "एवढी मी भरते."

पदर खोचून ती उकिडवी बसली आणि त्या वळणावरून मुठीमुठीनं माती टाकत, तळव्यानं दाबत, हळूहळू पुढं सरकत गेली.