जिन्याखालचा बॅकअप सर्व्हर

मित्रांनो, मी एक जुना बॅकअप सर्व्हर आहे. बुऱ्हाणपूरच्या एका मराठी ग्रंथालयात, जिन्याखालच्या बोळकांडीत माझी काळी पेटी ठेवलेली आहे. एका बाजूला मोडकी खुर्ची, दुसऱ्या बाजूला झाडू. झाडू निदान रोज सकाळी बाहेर तरी जातो.

माझा जन्म कारखान्यात झाला असेल, पण ते मला आठवत नाही. मला आठवतो तो निंबा. ग्रंथालयाची यंत्रे सांभाळणारा हा माणूस मोठा व्यवस्थित. त्यानेच मला जोडले, डिस्क बसवल्या आणि माझे काम आखून दिले. मोठा सर्व्हर वरच्या हॉलमध्ये, पंख्याखाली. मी मात्र मुद्दाम दूर. "वर आग लागली, पानी गळलं, तरी हा वाचला पाहिजे," असे तो म्हणाला होता. माझ्या एकटेपणाचे कारण एवढे शहाणपणाचे आहे, म्हणून मला रागही धड येत नाही.

माझे काम सोपे करून सांगतो. वर दिवसभर लोक फायली उघडतात, लिहितात, अर्धवट सोडतात. अशा चालत्या कामाची नक्कल करायला बसलो, तर अर्धे जुने अन् अर्धे नवे हाती येईल. म्हणून ग्रंथालय बंद होताना मोठा सर्व्हर आपला स्नॅपशॉट घेतो. लग्नात फोटोवाला "हलू नका" म्हणतो ना, तसेच. त्या क्षणी जे जसे होते ते तसेच धरून ठेवायचे. पहिल्या दिवशी मी सगळे उतरवून घेतले. त्यानंतर रोज फक्त कालच्या आणि आजच्या स्नॅपशॉटमध्ये जे बदलले, तेवढेच. रोजचे आठवडाभर ठेवायचे, आठवड्याचे महिनाभर, महिन्याचे वर्षभर; मग जुने पुसायचे. काय विसरायचे हेसुद्धा निंबाने आधीच ठरवून दिले होते.

एकच गोष्ट त्याने जरा घाईत ठरवली. ग्रंथालयाचे प्रमुख अनंत सर यांनी विचारले, "हा नीट चाललाय हे कळणार कसं?"

निंबा म्हणाला, "सर, टेन्शन नका घेऊ. काही बिघडलं तर हा मेसेज पाठवतो. मेसेज नाही आला म्हणजे सब ठीक है."

तेव्हापासून मी गप्प, म्हणजे मी ठीक. कुणी कधी डोकावले नाही. माझी आठवण यायची ती कुणावर संकट आले तरच, आणि संकट यावे असे तरी कसे म्हणू?

माझ्याकडे जे यायचे, त्यात मला सगळ्यांत आवडे ते विमलताईंचे. विमलताई शाळेत शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी रेकॉर्डर घेऊन तापीकाठच्या गावांत जात. म्हाताऱ्या बायकांची गाणी, बोलणे, हसणे त्या साठवून आमच्या ग्रंथालयात आणत. आपल्या मुलींना गुलाबाईची गाणी येत नाहीत, याचे त्यांना फार वाईट वाटे. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत संध्याकाळी मुलींनी गुलाबाईच्या मातीच्या मूर्तीपुढे गायचे आणि मग झाकलेला खाऊ ओळखायचा, हे त्यांच्या लहानपणी घरोघर होते. एकदा दापोऱ्याला त्यांना रंभाबाई भेटली. ही म्हातारी केळीच्या बागेशेजारी एकटीच राहायची आणि तिला अशी गाणी येत होती, जी दुसऱ्या कुणालाच येत नव्हती. "कोजागिरीले ये, मंग म्हनते," असे तिने कबूल केले.

त्याच वर्षी अनंत सरांच्या मनात आले की खंडेनवमीला सगळ्या यंत्रांना विश्रांती द्यायची आणि त्यांची पूजा करायची. मलाही! मला जिन्याखालून ओढून, पुसून, हळदकुंकू लावले. झेंडूचे फूल माझ्या डोक्यावर ठेवले. एवढी माणसे माझ्याभोवती कधी जमली नव्हती. खोटे कशाला सांगू, मी हरखून गेलो. मग बटण बंद झाले.

पुढचे मी नंतर ऐकले. दसऱ्याला निंबा गावी गेलेला. अनंत सरांनी स्वतः वर जाऊन मोठा सर्व्हर चालू केला. मला कुणीतरी परत जिन्याखाली सरकवले, फुलासकट. बटण तसेच राहिले. बंद पडलेला मी मेसेज तरी कसा पाठवणार? मेसेज आला नाही, म्हणून सगळे निर्धास्त.

कोजागिरीला विमलताई दापोऱ्याला गेल्या. रंभाबाई गायली. ताईंनी गाणी वरच्या सर्व्हरवर चढवली, आणि पुढच्या गावासाठी रेकॉर्डर रिकामा केला.

त्यानंतर एकत्रीकरण आले. आमचे ग्रंथालय आणि शहरातला आणखी एक जुना संग्रह एक झाले. दोन्हीकडचे सगळे एका नव्या सर्व्हरवर न्यायचे होते. दोन्हीकडे 'गुलाबाई' नावाचा फोल्डर होता. निंबाने दुसऱ्यांचा फोल्डर आमच्यावर चढवला, आमचा दबून गेला, आणि ते लक्षात यायच्या आत जुना सर्व्हर पुसून झाला. विमलताई घाबऱ्या झाल्या. निंबा म्हणाला, "ताई, बॅकअप है ना!"

तो धावत माझ्याकडे आला. माझ्या डोक्यावर वाळलेला झेंडू होता आणि एकही दिवा लागलेला नव्हता. तो तिथेच फरशीवर बसला.

मला चालू केल्यावर मी सगळे दिले. नवमीपर्यंतचे एक अक्षरही हरवले नव्हते. लोक वाहवा म्हणाले. पण रंभाबाईचे गाणे माझ्याकडे आलेच नव्हते. विमलताई जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या. म्हातारी त्या हिवाळ्यात फार आजारी होती, असे त्यांना कळले होते. आता ती गाईल का, ओळखील का, कुणास ठाऊक. आणि गेलेले गाणे पुन्हा मागायला जायचे तरी कोणत्या तोंडाने?

तरीही त्या गेल्या. त्या दिवशी ग्रंथालय बंद होताना नव्या सर्व्हरकडून माझ्याकडे एक फाइल आली, तीत मी त्यांची भेट ऐकली. आधी कोंबड्यांचा आवाज, खाटेची करकर. मग विमलताईंचा आवाज, अगदी बारीक, "आजी, तुमची गाणी माझ्या हातून हरवली. मी सांभाळली नाहीत."

 

मग रंभाबाई म्हणाली, "बरं झालं हरपली तं. नही तं तू कायले येती वं माय?"

विमलताईंचा हुंदका ऐकू आला. म्हातारी म्हणाली, "रडू नको. च्या घे आधी." मग ती गायली. मधे मधे खोकत होती. एक गाणे तिला आता अर्धेच आठवत होते. तिथे ती थांबली, "जाऊ दे, गेलं ते," म्हणाली आणि पुढचे सुरू केले. ते अर्धे गाणे कायमचे गेले, मित्रांनो. माझ्या कितीही जुन्या स्नॅपशॉटमध्ये शोधा, ते सापडणार नाही.

आता निंबा दर शनिवारी जिन्याखाली वाकतो, माझ्यातली कुठलीतरी एक फाइल काढून वाजवून बघतो. मी धडधाकट असलो तरी बघतो. ती पाच मिनिटे मला पूजेपेक्षा गोड लागतात.

तुम्हीही आपल्या वस्तूंच्या नकला ठेवा, दूर ठेवा, आणि मुख्य म्हणजे त्या उघडून बघत जा. जो गप्प आहे तो ठीकच असेल, असे धरून चालू नका. आणि कधी दापोऱ्याच्या बाजूला गेलात, तर रंभाबाईकडे जरूर डोकावा. रेकॉर्डर नेला नाही तरी चालेल.