पसाभर बाजरीला दिलेलं पोर

माया आणि तिचे वडील आटपाडीजवळच्या त्या वाडीत घर बघायला आले, तेव्हा धुळानं असा काही पाहुणचार केला की म्हातारा जागच्या जागी विरघळला. मेंढरांच्या व्यापारात जम बसवलेला, देखणा, सुपारीचंही व्यसन नसलेला पोरगा. सोयरीक ठरल्यातच जमा होती. फक्त त्याच्या आईच्या, सुलाबाईच्या, घशाखाली घास उतरत नव्हता.

आई आपली नावालाच. धुळा तिला काकू म्हणायचा.

आधीची दोन लेकरं पाळण्यातच गेली होती. हा झाला तेव्हा बायकांनी जुनी रीत केली. पोर उकिरड्यावर ठेवलं, जावेनं उचललं आणि सुलाबाईच्या पदरात पसाभर बाजरी घातली. पोर विकलं, आता मरणाची नजर त्याच्यावर पडायची नाही! इतर बाया दुसऱ्या दिवशी लेकरू छातीशी धरतात आणि रीत विसरतात. भेदरलेल्या सुलाबाईनं ती खरीच धरली. दूध पाजलं तेही तोंड फिरवून. पोर पदर धरायला आलं की म्हणायची, ‘‘मी तुजी कोण न्हाई रं, जा तिकडं.’’ जावेला स्वतःची चार होती, तिनं तरी किती करावं? पोर जगलं मात्र, धडधाकट जगलं.

शाळेत जायला लागला तेव्हाची गोष्ट. सुलाबाईला विंचू चावला. ती भुईवर तडफडत होती आणि धुळा समोर उकिडवा बसून बघत होता. शेजारीण दारात आली, तर म्हणाला, ‘‘काकू निजलीया.’’ आणि गेल्या साली त्याचा भागीदार सूरज गाडीवरून पडून रस्त्याकडेला मेला. धुळा मागूनच येत होता. ‘‘लय वेळ लागला त्याला,’’ जेवता जेवता त्यानं सांगितलं आणि आणखी एक भाकरी मागितली. मग आरशासमोर उभा राहून रडक्या तोंडाचा सराव केला. मयतीत त्याच्याकडं बघून सगळी वाडी रडली.

माया चुलीपाशी आली. महिनाभर फोनवर बोलून पोरगी पुरती भाळली होती. ‘‘आत्या, ल्हानपणी कसं हुतं वो ह्ये?’’

सुलाबाईची जीभ रेटेना. आपलंच रक्त, आणि आपणच नासवलेलं. तरी तिनं मायाचा हात घट्ट धरला आणि सूरजचं सगळं सांगून टाकलं. ‘‘दुसऱ्याचं दुखनं त्याला कळतच न्हाई, पोरी. मी त्येला कवा जवळ घेतलं न्हाई, त्येला कुठनं कळावं? तू मरताना बी नुसता बघत बसंल. ऊठ, बापाला घिऊन जा.’’

माया आधी हसली, मग तिचा चेहरा पांढराफटक पडला. काहीबाही सबब सांगून तिनं बापाला उठवलंच.

त्यांना रस्त्यापर्यंत पोचवून धुळा परत आला. त्यानं दाराआडून सगळं ऐकलं होतं. आता हा मारणार, असं सुलाबाईला वाटलं. मारावं, असंही वाटलं. निदान काहीतरी मनाला लागलं म्हणायचं त्याच्या.

धुळा शांतपणे समोर बसला. ‘‘काकू, जवळ घेतलं असतंस तर काय झालं असतं?’’

तिला हुंदका आवरेना. तिनं हात पसरले. ‘‘ये माज्या राजा.’’

तो आला. तिच्या मांडीवर डोकं ठेवून, डोळे उघडे ठेवून, बराच वेळ पडून राहिला. ती त्याच्या केसांतून हात फिरवत राहिली. मग तो उठून बसला आणि भाजीत मीठ बरोबर आहे की नाही ते सांगावं तशा सुरात म्हणाला, ‘‘काय बी हुत न्हाई, काकू.’’