वास न येणारा खड्डा

आमच्या पर्यावरण मंडळात काम करणारे कमी आणि काळजी करणारे जास्त. खानावळीमागचा गांडूळखताचा खड्डा मी आणि माझ्या खोलीतली मैत्रीण, आम्ही दोघींनी उभा केला. भाज्यांच्या सालांच्या बादल्या आम्हीच ओढायचो, त्यातून तेलकट खरकटं आम्हीच वेचायचो. बाकीचे यायचे ते फोटोपुरते, तेही नाकाला रुमाल लावून.

रेक्टरबाईंचं खड्ड्याशी पहिल्यापासून वाकडं. कुलगुरू वसतिगृहाच्या पाहणीला येणार हे कळल्यावर त्यांनी मला बोलावून बजावलं, "त्या दिवशी जरा जरी वास आला ना, तर खड्डा बुजवून टाकीन. मग माझ्यापुढे रडत यायचं नाही."

खत तयार व्हायला आलं होतं आणि माझा जीव त्या गांडुळांत अडकला होता. मी वर कोरडा पाला पसरला, ओल बेताची ठेवली. वास जवळजवळ गेलाच. मग बैठकीत सगळ्यांपुढे हात जोडले, "आता कृपा करून कोणीही काहीही करू नका." एवढं एकच वाक्य आमच्या मंडळाला कळत नाही.

पाहणीच्या सकाळी गेले, तर पाला चिंब भिजलेला आणि फिनेलचा वास डोळ्यांना झोंबतोय.

"कोणी ओतलं हे?"

"मी," अध्यक्ष छाती पुढे काढून म्हणाला. "उगाच रिस्क कशाला?"

"अय्या, तू पण?" खजिनदारीण म्हणाली. "मी तर पहाटेच ओतून गेले होते."

मैत्रीण खाली मान घालून उभी होती. "मी पण थोडंसं... तुझ्यासाठीच गं. किती टेन्शन घेतलं होतंस!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या दोघांचं एक वेळ सोडा, पण हिला गांडुळं माहीत होती! मी पाला बाजूला सारून हात घातला. गांडुळं दोऱ्याच्या तुकड्यांसारखी पडली होती. एकही हलेना.

तेवढ्यात रेक्टरबाईंबरोबर कुलगुरू आलेच. वाकून त्यांनी वास घेतला. "वा! अगदी दवाखान्यासारखं स्वच्छ."

"सर, यातली गांडुळं मेलीत," मी म्हणाले. "सगळी."

अध्यक्षाने मला कोपर मारलं. रेक्टरबाईंचा चेहरा मात्र खुलला.

"मग बरंच झालं की," त्या म्हणाल्या. "मला त्यांची किळसच यायची. आता राहू दे हो हा खड्डा."

कुलगुरूंनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, सगळ्या वसतिगृहांत असेच खड्डे करा. टाळ्या पडल्या. सगळ्यात जोरात मैत्रीण वाजवत होती, माझ्याकडे बघून, डोळ्यांत पाणी आणून, आपला खड्डा वाचला म्हणून. मी पण वाजवाव्यात असं ती खुणावत होती. माझ्या मुठीत मेलेली गांडुळं होती.