खिंड बंद आहे

"खिंड बंद आहे," बुबुकान म्हणाली आणि पिशवीतला थर्मास काढायला खाली वाकली.

ओरोझाली खाटेवर उठून बसला. "बंद? कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतायत. कालपासून बर्फ पडतंय. आपला मकसत गाडी घेऊन निघाला होता तुम्हाला न्यायला, अर्ध्यातून परत फिरला."

"म्हणजे माझ्या जागेवरचा कुबात झोपा काढतोय! मी आठ दिवस इथं काय पडलो, त्यानं खिंड बंद पाडली. आण माझा फोन, बघतो त्याला."

"फोन नाही मिळायचा. डॉक्टरांनी ताण घ्यायला मनाई केलीय ना? झोपा गुमान. दोन दिवसांनी गेलात तर काय आभाळ कोसळणार आहे?"

बायकोपुढे ओरोझालीचं कधी चाललं नव्हतं, तिथं आता काय चालणार. तो पुन्हा आडवा झाला. पण राग काही जाईना. हयातभर त्याने तेरेक-बेलची खिंड उघडी ठेवली होती. बर्फ ढकलायच्या त्या पिवळ्या धुडावर बसून त्याचे केस पिकले होते. थंडीत गावचे लोक त्याला मुद्दाम डिवचायचे, "काय ओरोझाली, खिंड बंद का?" आणि तो दर वेळी तेच म्हणायचा, "खिंड कधी बंद नसते रे, माणूस आळशी असतो."

हा नुसता तोरा नव्हता. वडील गेले तेव्हा तो फौजेत होता, दूर समुद्राकाठच्या तळावर. त्याला तार मिळाली तोवर थडग्यावर गवत आलं होतं. घरी आल्यावर थोरला भाऊ सैदाकमात, ज्याला तो बाइके म्हणायचा, त्याला कबरस्तानात घेऊन गेला आणि दोघांनी तिथं एकमेकांचा हात धरून ठरवलं, की आपल्यातला जो आधी जाईल त्याच्यावर पहिली मूठ माती दुसऱ्याने टाकायची. मग मागे राहिलेला कुठेही असो, काहीही होवो. त्यानंतर ओरोझालीने खिंडीची नोकरी धरली. मयतीला येणारा माणूस रस्त्यात अडकला, असं त्याच्या हयातीत एकदाही झालं नाही. ज्याची माती चुकली आहे, त्यालाच तिची किंमत कळते.

दवाखान्यातही त्याला सैदाकमातनेच आणलं होतं. वर चढताना छाती आवळते, डावा हात जड होतो, हे ओरोझालीने महिनाभर कुणाला सांगितलं नव्हतं. वायू असेल म्हणून तो सोडा पीत होता. सैदाकमातने त्याला एकदा गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा पाहिला आणि गचांडी धरून तालुक्याला नेलं. तिथे हृदयाच्या ठोक्यांची पट्टी काढली. पट्टी बघणाऱ्याने लगेच गाडी मागवली आणि थेट बिश्केकला धाडलं. इथे आयचुरेक नावाच्या तरुण डॉक्टरणीने मनगटातून बारीक नळी आत सरकवली आणि त्याला पडद्यावर त्याचंच हृदय दाखवलं. काळ्या फांद्या हलत होत्या. दोन ठिकाणी फांदी चिमटल्यासारखी बारीक झाली होती.

"मला खोटं सांगू नका हं," तो टेबलावरूनच म्हणाला होता. "मरणार असेन तर तसं सांगा. मी चिडणार नाही."

"आता नाही मरत," ती म्हणाली. "उशीर केला असता तर मेला असता. दोन जाळ्या बसवतेय, रस्ता मोकळा होईल. वडील कशाने गेले?"

"रानातून आले, बसले, गेले."

"भाऊ आहे?"

"एक आहे. बैल आहे नुसता. त्याला काय होतंय!"

"बैलालाही तपासून घ्या. हे घराण्यात असतं."

आता थर्मासमधला चहा पिताना त्याला ते आठवलं.

"ए, बाइकेला सांगितलंस का? डॉक्टरीण म्हणते भावानंही तपासून घ्यायला पाहिजे. मी घरी आलो की पुढच्या आठवड्यात मीच त्याला घेऊन येतो. कुरकुरेल, पण मीही गचांडी धरेन त्याची."

बुबुकान कपावर कप ठेवत राहिली. तिने डोक्याला लाल फुलांचा रुमाल बांधला होता, सणासुदीचा. दवाखान्यात येताना कशाला नटायचं, असं त्याच्या मनात आलं होतं. पण आपल्याला बरं वाटावं म्हणून बांधला असेल, असं समजून तो सुखावला होता.

"सांगते," ती म्हणाली. "काल बोलणं झालं माझं. म्हणाले, त्याला म्हणावं पडून राहा, घोड्यासारखा उधळू नकोस."

"हाच तो! उपदेश केल्याशिवाय घास उतरत नाही त्याच्या." ओरोझाली मनापासून हसला.

तो गुरुवार होता.

शनिवारी मुलगा मकसत गाडी घेऊन आला. खिंड उघडली म्हणाला. पोराचे डोळे सुजले होते. "गाडी चालवून जागरण झालंय," असं त्याने विचारायच्या आधीच सांगितलं. आयचुरेक निरोप द्यायला खाली आली. तिने गोळ्यांची डबी बुबुकानच्या हातात दिली. छाती आवळली की एक जिभेखाली, हे दोनदा बजावलं. मग ओरोझालीचा हात हातात घेऊन ती जरा जास्तच वेळ उभी राहिली.

"जपा," ती म्हणाली. "हृदय आता चांगलं आहे तुमचं. सोसेल. मी तर गुरुवारी सकाळीच घरी सोडत होते."

"खिंड बंद होती ना," तो म्हणाला.

डॉक्टरणीने बुबुकानकडे पाहिलं. बुबुकान गाडीचं दार उघडत होती.

शहर मागे पडल्यावर बुबुकानने रोटीत गुंडाळलेलं गार मांस पुढे केलं. घोड्याचं होतं, चरबी काढून टाकलेलं. "बाइकेंच्या घरून आलंय तुमच्यासाठी," ती म्हणाली. त्याने दोन घास खाल्ले. दवाखान्यातल्या आळणी पेजेनंतर ते अमृतासारखं लागलं.

"झकास आहे. कुणाचा घोडा?"

मकसत रस्ता बघत होता. बुबुकानने खिडकीकडे तोंड केलं.

घाट सुरू झाला तसा ओरोझाली सावरून बसला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कापलेल्या बर्फाच्या भिंती उभ्या होत्या. तो बघत राहिला आणि हातातला घास तसाच राहिला. काल-परवा कापलेलं बर्फ पांढरंशुभ्र आणि भुसभुशीत असतं. या भिंती काळवंडल्या होत्या, उन्हाने त्यांच्यावर काच चढली होती, धुराची पुटं बसली होती. हे बर्फ आठवडाभर तरी असंच उभं होतं.

"मकसत, खिंड कधी उघडली म्हणालास?"

"काल, बाबा."

"गाडी थांबव. तिकडे वर कुबात दिसतोय."

"बाबा, उशीर होतोय—"

"थांबव म्हणतो ना!"

कुबात धुडावरून उडी मारून खाली आला. चाळिशीचा गडी. ओरोझालीच्याच हाताखाली शिकलेला. त्याने टोपी काढली आणि ओरोझालीला मिठी मारली. ओरोझालीने त्याला दूर ढकललं.

"मिठ्या कसल्या मारतोस? लाज नाही वाटली खिंड बंद पाडायला?"

"बंद?" कुबातचं तोंड लाल झालं. "कोण म्हणतं बंद होती? आगा, तुमची शपथ, एक तासही बंद नव्हती! गुरुवारी तर पहाटेपासून बसलो होतो, एवढ्या गाड्या येणार म्हणून. नारीनहून आल्या, तलासहून आल्या, एक गाडी अडकू दिली नाही मी..."

आणि तो थांबला. त्याने गाडीकडे पाहिलं, जीभ चावली आणि टोपी घालून धुडाकडे चालू लागला.

ओरोझाली रस्त्यात उभा राहिला. भर थंडीत तलासहून, नारीनहून त्यांच्या गावाला एवढ्या गाड्या कशासाठी येतात, हे त्याला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. असल्याच गाड्यांसाठी तो आयुष्यभर वाट काढत आला होता. गाडीत बसल्यावर त्याने एकच विचारलं, "कोण?"

"घरी चला," बुबुकान म्हणाली. "घरी गेल्यावर."

मन मोठं लबाड असतं. घरी पोचेपर्यंत ते त्याला गल्लीतले सगळे म्हातारे दाखवत राहिलं, आजारी बहीण दाखवली, चुलत्याची सून दाखवली. फक्त एका दारापुढे ते त्याला उभं करेना. आणि तरी त्याने हातातली रोटी घडी करून रुमालात बांधली होती आणि ती कुठे ठेवावी ते त्याला कळत नव्हतं.

घरात आक्साकाल बसले होते. सहा-सात पांढऱ्या दाढ्या, वयाप्रमाणे ओळीत, पुढे चहा, तळलेल्या बोर्सोकची ताटली. मधली जागा त्याच्यासाठी मोकळी होती. ओरोझालीने दारातूनच सगळं पाहिलं. वाईट बातमी आपल्यात एकट्या माणसाने सांगायची नसते, बायकांनी तर नाहीच. वडीलधारे जमतात, चहा होतो, इकडच्या तिकडच्या गोष्टी होतात, मग सर्वांत वडील माणूस लांबून सुरुवात करतो. तो स्वतः या ओळीत कितीदा बसला होता.

काचकिन आक्साकालांनी घसा साफ केला. "ये ओरोझाली, बैस. तब्येत बरी ना? बाळा, डोंगर केवढाही असो, त्याचाही कडा ढासळतो. झरा केवढाही असो..."

"झरा राहू द्या, आक्साकाल," तो उभ्यानेच म्हणाला. "या पंगतीत मीही बसलोय. बाइके ना?"

म्हाताऱ्याची मान खाली गेली. "हो."

"कधी?"

"मंगळवारी. तुझ्या जाळ्या बसवल्या त्याच दिवशी. गोठ्यात गेला, घोड्याला चारा टाकला आणि तिथंच बसला."

"माती?"

"गुरुवारी झाली. पहिली मूठ मकसतने टाकली. तुझ्या वतीने."

"माझ्या वतीने?" ओरोझालीने पोराकडे पाहिलं. पोरगं भिंतीला तोंड लावून रडत होतं. "मी मेलो होतो का, माझ्या वतीने टाकायला?"

"तुझ्या काळजीपोटीच ना रे!" दुसरा म्हातारा म्हणाला. "छातीत लोखंड घातलेलं. धक्का बसला असता तर एकाच्या जागी दोन मयती झाल्या असत्या."

"डॉक्टरणीला विचारलंत?"

दाराशी उभी असलेली बुबुकान म्हणाली, "विचारलं होतं. बुधवारी. ती म्हणाली सांगा, मी जवळ उभी राहते. गुरुवारी सकाळी सोडते, दुपारपर्यंत पोचाल." तिचा आवाज बसला होता. "मी आक्साकालांना फोन केला. ते म्हणाले, दवाखान्यात, परक्या लोकांत, एकट्या बाईनं सांगायचं? तशी रीत नाही. मग मी काय करणार होते? मी पण गेले नाही हो मातीला. तिथं फुलांचा रुमाल बांधून तुमच्याशी हसत बसले. दरवाज्याबाहेर गेले की तो काढायचे आणि रडायचे."

ते खरंच होतं. तिने किती सोसलं ते त्याला दिसत होतं. पण दिसलं म्हणून माफ करता येतं असं नाही.

"बाइकेला निरोप सांगितलास का, असं मी विचारलं," तो हळू म्हणाला. "आणि तू म्हणालीस, बोलणं झालं. तो मातीत जात होता, तेव्हा तू मला त्याचा निरोप सांगत होतीस. परक्यानं गळा कापला असता तर ओरडलो तरी असतो गं. तू केसानं कापलास."

"अहो—"

"आणि खोटं बोलायचं तर दुसरं काही सांगायचं होतं. पोर आजारी आहे म्हणायचं, गाडी मोडली म्हणायचं. खिंड बंद आहे म्हणालीस! मला!"

त्याने रुमालातली रोटी काढली आणि बोर्सोकच्या ताटलीशेजारी ठेवली. सैदाकमातच्या मयतीला कुणाचा घोडा कापला, तेही आता विचारायचं राहिलं नव्हतं. मग त्याने खुंटीवरून पट्टा काढला, कोटावरून कमरेला बांधला, कोपऱ्यातली काठी घेतली आणि बाहेर पडला. आक्साकाल उठू लागले. "बसा," तो म्हणाला. "चहा प्या. गार होतोय."

भावाचं अंगण गल्लीच्या टोकाला होतं. मयतीची राहुटी काढून नेली होती. बर्फात तेवढा गोल उरला होता, तुडवलेल्या काळ्या मातीचा. मयत आत असताना घरचे पुरुष असे कमरेला पट्टा बांधून, काठीवर वाकून बाहेर उभे राहतात आणि येणाऱ्या प्रत्येकापुढे टाहो फोडतात. ओरोझाली त्या गोलाच्या कडेला, दाराची जागा होती तिथे, उभा राहिला. येणारं कुणी नव्हतं. सगळे गुरुवारीच येऊन गेले होते, मोकळ्या रस्त्याने.

"अरे माझ्या काळजा!" तो ओरडला. "काळजा रे माझ्या!"

घरातून सैदाकमातची बायको कानिशाय बाहेर आली. डोक्यापासून पायापर्यंत काळ्यात. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

"मी म्हणाले होते, थांबा त्याच्यासाठी," ती म्हणाली. "दुपारपर्यंत उचलू दिलं नाही मी. शेवटी म्हणाले, तो येत नाही, खिंड बंद आहे असं त्याला सांगितलंय."

त्याने पुन्हा हाक घातली. पण ती अर्ध्यातच तुटली. छाती आवळली होती. काठीवरचा हात जड झाला. मागून बर्फात पावलं वाजली. बुबुकान धावत आली. तिचं डोकं उघडंच होतं. तिने डबी उघडली आणि तळहातावर एक पांढरी गोळी पुढे धरली.

"घ्या. जिभेखाली."

त्याने गोळीकडे पाहिलं. तिच्या हातून त्याने जन्मभर जे समोर येईल ते खाल्लं होतं, काय आहे असं कधी विचारलं नव्हतं.

"काय आहे हे?"

"तुमची गोळी. डॉक्टरणीनं दिलेली. तुमच्यासमोरच दिली ना!"

त्याने तिच्या दुसऱ्या हातातली डबी काढून घेतली. चष्म्याशिवाय त्याला अक्षरं दिसत नव्हती. ती त्याने कानिशायपुढे धरली.

"वहिनी," तो धापा टाकत म्हणाला, "यावर काय लिहिलंय ते जरा वाचून सांग."

विधवेने डबी उजेडाकडे वळवली आणि एकेक अक्षर लावत वाचू लागली. तिचं वाचून होईपर्यंत बुबुकान गोळीचा हात तसाच पुढे धरून उभी होती.