दोघांचंही बीटीच

वडनेर भोलजीच्या शिवारात नजीर आणि इंद्रभान यांची शेतं एकाच धुऱ्याला, सामाईक बांधाला, लागून. त्या साली जुलैत झड लागली आणि नजीरच्या कपाशीत गवत गुडघ्याला आलं. निंदायला बाया मिळेनात. इंद्रभाननं तणनाशक मारलं होतं. त्याचं गवत करपून गेलं आणि कपाशी मात्र हिरवीगार उभी.

"तुह्या कपाशीले काहीच कसं नाही झालं बे?" नजीरनं विचारलं.

"बीटी हाय ना."

"माहीबी बीटीच हाय. पाकिटावरच लिवलं हाय."

"मंग मार की! औषध उरलं हाय माह्याजवळ."

सायरा नवऱ्याला म्हणाली, थांबा, मी एकटी निंदते, होईल हळूहळू. नजीरनं ऐकलं नाही. उघाड मिळताच पंप पाठीवर घेतला आणि दिवस मावळेस्तोवर सगळं रान फवारलं.

आठवड्याभरात गवतासोबत कपाशीही पिवळी पडली. शेंड्यांनी माना टाकल्या. नजीर एकेक झाड हलवून बघत फिरत होता, तेवढ्यात इंद्रभान धावत आला.

"तुह्यं चोरबीटी नव्हतं?"

"चोरबीटी म्हंजे?"

इंद्रभानचं बियाणं परवानगी नसलेलं, लपूनछपून आणलेलं. तणनाशक सोसतं ते तेच. नजीरचं दुकानातलं, फक्त बोंडअळीपासून वाचवणारं. दोघंही आपापल्या बियाण्याला बीटीच म्हणत आले होते.

"मले वाटलं, तुह्यंबी तेच असन," इंद्रभान पुटपुटला. "आता सगळेच तेच लावून राह्यले ना."

कृषी सहायक पाहणीला आला. "फवारायला कोणी सांगितलं?"

इंद्रभान धुऱ्यापलीकडे उभा होता. त्याचं नाव निघालं असतं तर उभं पीक उपटलं गेलं असतं, वर गुन्हा. सायरा नवऱ्याच्या तोंडाकडे बघत होती.

"कोनीच नाही साहेब," नजीर म्हणाला. "माहीच चुकी."

त्यानं वखर घालून रान मोडलं. पुन्हा कपाशी लावायचे दिवस निघून गेले होते. इंद्रभान मात्र त्यानंतर नजीर रस्त्यात दिसला की वाट बदलायचा.

दिवाळीच्या तोंडावर इंद्रभानची कपाशी फुटली. गावात दुसरं काम नव्हतं, म्हणून सायरा तिथंच वेचायला गेली. इंद्रभानच्या बायकोनं तिला पार पलीकडचं तास दिलं, कपाशीची शेवटची ओळ, जिथून नजीरचं रान दिसत नव्हतं.