धवल्यावर चढलेला एको

मित्रांनो, मी टॅबलेट आहे. जुना, एका कोपऱ्याला तडकलेला. कारखान्यातलं मला काही आठवत नाही. शहापूरच्या दुकानातून सारिकाच्या बारावीसाठी मला घेतलं आणि लग्नानंतर तिच्याबरोबर मी म्हसा गावाजवळच्या पाड्यात आलो, तेवढं आठवतं.

सारिकाच्या सासूबाई, धोंडीबाई, धवलारीण. हळदीपासून पाठवणीपर्यंत लग्नाची गाणी, म्हणजे धवले, त्याच गायच्या. कागदावर त्यांतली एकही ओळ नव्हती. सारिका मला त्यांच्यासमोर धरायची. "आत्याबाय, गा ना. भरून ठेवते."

"हळद नाय, मांडव नाय, नि घरात धवला? खुळी का काय गो तू!"

म्हणून आटगावच्या एका लग्नात मला नेलं. तिथे डीजे दणाणत होता. आवाज नीट भरावा म्हणून सारिकानंच डीजेवाल्या हरेशला सांगून सासूबाईंपुढे माइक ठेवला. हरेश खूश. "मावशीचा आवाज भारीच करतो," म्हणत त्याने वर एको, म्हणजे प्रत्येक शब्दाचा घुमणारा पडसाद, चढवला. धोंडीबाई पाऊण तास गायल्या. मी सगळं भरून घेतलं. त्या दिवशी माझं फार कौतुक झालं.

दिवाळीनंतर धोंडीबाईंना लकवा झाला. जीभ वळेना. आणि त्यांच्याच मुलीचं, रुपालीचं लग्न वैशाखात ठरलं. आईचा धवला सारिकाने शिकून गायचा, असं रुपालीने मागून घेतलं. पण माझ्यातून शब्द बाहेर पडत, ते एकावर एक सांडलेले.

मग आपलं तान्हं बाळ झोपलं की सारिका मला घेऊन बसू लागली. आवाज साफ करायला तिने तीन अ‍ॅप घेतली. पहिल्यात तयार आवाज होते : गुहेचा, देवळाचा, सभागृहाचा. सगळे भर घालणारे, काढून घेणारा एकही नाही. दुसऱ्यात आज्ञा लिहाव्या लागत. दहा ओळी झाल्या की मी तापायचो आणि आपोआप बंद पडायचो. मला खूप लाज वाटायची. तिसऱ्यात छोटे चौकोन तारांनी जोडायचे होते. बोटाने चकती फिरवली की फरक लगेच कानाला कळे. तिने तेच ठेवलं.

आधी तिने स्वतःच्या आवाजावर एको चढवून पाहिला, मग उलटा काढून पाहिला. बराचसा निघाला! कारण किती चढवला ते तिला ठाऊक होतं. तिने लगेच हरेशला फोन लावला.

"किती एको ठेवलेला रे तू?"

"आता काय सांगू वयनी? कान सांगल तसा फिरवतो मी."

त्यानंतर महिनाभर ती अंदाजाने चकत्या फिरवत राहिली. डीजेचा दणका गेला. धवल्याच्या चार ओळी कळल्या. पाचवीपाशी सगळं अडलं.

तिने मला सासूबाईंच्या उशाशी ठेवलं. "आत्याबाय, इथं वड म्हटलाय का उंबर?"

वड म्हटल्यावर मान हलली. उंबर म्हटल्यावरही हलली.

"दोन्ही कसं असंल गो आई?" रुपाली म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

हळदीच्या दिवशी सारिका मांडवात उभी राहिली. चार ओळी गायली आणि थांबली. बायका हातात हळद घेऊन वाट बघत राहिल्या. धोंडीबाईंचे ओठ हलत होते, आवाज नव्हता. शेवटी कुणीतरी ओरडलं, "लाव रे डीजे, किती टाइम?"

त्यानंतर सारिकाने मला उघडलं नाही. आता माझी बॅटरी फुगत चालली आहे. थोड्या दिवसांत माझ्यातल्या त्या चार ओळीही जातील.

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. तुमच्याकडे कुणी धवले गात असेल, तर मांडवात त्यांच्या शेजारी बसा आणि त्यांच्या मागोमाग म्हणा. चुकलात तर त्या मांडीवर चापट मारतील. ती चापट मला मारता येत नाही.